बोट नदीत उतरायच्या आधीच इंजिन रस्त्यात खिळखिळं होतं, त्याचं काय?

सांगली : पावसाळा तोंडावर आला की तालुक्याच्या ठिकाणी पूरनियोजनाच्या बैठका सुरू होतात. कोणत्या गावात किती बोटी, लाइफ जॅकेट किती, पट्टीचे पोहणारे किती, याचे तक्ते भरले जातात. नदीघाटावर प्रात्यक्षिक होतं. बोट पाण्यात दोन चकरा मारते, फोटो निघतात आणि तयारी पूर्ण झाल्याची बातमी येते. पण त्या तक्त्यात एक रकाना नसतो. ही बोट गोदामातून घाटापर्यंत आणली कशी? आणि आणताना तिच्या मागं लटकणाऱ्या इंजिनाला खालून आधार होता का?

प्रश्न बारीक वाटेल. पण पुराच्या दिवशी बोट आली आणि इंजिन चालू झालं नाही, किंवा चालू होऊन मध्येच मागची फळी हलायला लागली, तर त्या बोटीची किंमत शून्य. इंजिनाचा घात दर वेळी नदीतच होतो असं नाही. बऱ्याचदा तो रस्त्यावर, गतिरोधकावर आणि खड्ड्यांत आधीच झालेला असतो. कळतो मात्र पाण्यात.

कृष्णाकाठाला बोटीचं मोल माहीत आहे

२००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे महापूर या भागानं पाहिले. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी धरतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पुणे-बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ शिरोलीला पाण्याखाली गेल्यानं वाहतूक कित्येक दिवस ठप्प होती. एनडीआरएफ, लष्कर, नौदलाच्या तुकड्या आल्या, पण पहिल्या काही तासांत ज्या गावात जी बोट होती तीच आधार होती.

त्याच पुरात ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढणारी बोट उलटली आणि डझनाहून जास्त जीव गेले. त्या दुर्घटनेचा बोट रस्त्यावरून नेण्याशी संबंध जोडणं चुकीचं ठरेल. पण बोट नुसती असून भागत नाही, ती धडधाकट लागते, चालवणारा माहीतगार लागतो आणि माणसं मोजूनच घ्यावी लागतात, हा धडा तिथून सगळ्या जिल्ह्यानं घेतला. त्यातला 'धडधाकट' हा शब्द इथं महत्त्वाचा.

रस्त्यावर इंजिनाचं नेमकं काय होतं?

बचावाच्या बोटीला जे इंजिन असतं ते बोटीच्या पोटात नसतं. ते अख्खं मशीन मागच्या फळीला बाहेरून अडकवलेलं असतं. बचाव पथकातली मंडळी त्याला 'ओबीएम' म्हणतात. वर डोकं म्हणजे मुख्य इंजिन, मध्ये लांब पाय आणि खाली पंखा. २५ अश्वशक्तीचं मशीन साधारण ५० किलोचं भरतं. ४० अश्वशक्तीचं, बनावटीप्रमाणे, ७० ते १०० किलोपर्यंत जातं. म्हणजे सिमेंटचं एक ते दोन पोतं वजन फळीला कायमचं टांगलेलं.

पाण्यात पंखा फिरला की तो बोटीला पुढं ढकलतो. ती ढकल घेण्यासाठीच फळी मजबूत केलेली असते. रस्त्यावर मात्र ढकल नसते, हिसका असतो. ट्रॉलीचं चाक खड्ड्यात गेलं की बोट खाली जाते, मग वर उसळते. प्रत्येक वेळी इंजिनाचं वजन फळीला वाकवायला बघतं. दहा-पंधरा किलोमीटरच्या खराब रस्त्यात असे शेकडो हिसके बसतात.

त्यात आणखी एक गोष्ट. इंजिनाचा पाय रस्त्याला घासू नये म्हणून चालक काय करतो? इंजिन मागं उचलून तिरकं करतो. पाय वाचतो, पण वजन फळीपासून लांब जातं. भरलेली घागर कमरेला धरून चालणं आणि तीच घागर हात लांब करून धरणं यात जो फरक, तोच इथं. वजन तेवढंच, पण खांदा निखळायची वेळ येते. इथं खांदा म्हणजे बोटीची फळी आणि इंजिनाचा ब्रॅकेट.

तो छोटा टेकू रस्त्यासाठी नाहीच

बहुतेक इंजिनांना उचलल्यावर अडकवायचा एक छोटा खटका किंवा टेकू असतो. इंजिन वर केलं, टेकू लावला, चला, असं सर्रास होतं. पण तो टेकू बोट काठाला बांधून ठेवलेली असताना इंजिन वर राहावं म्हणून दिलेला असतो. इंजिन बनवणाऱ्या कंपन्यांच्या पुस्तिकांतच ट्रॉलीवरून बोट नेताना त्याच्यावर विसंबू नका असा इशारा असतो. हिसक्यानं टेकू सुटला तर इंजिन धाडकन खाली येतं आणि पंखा थेट डांबरावर आदळतो. मागून दुचाकी येत असेल तर विचारच नको.

ट्रॅक्टरवाल्याला हे वेगळं सांगायला नको. नांगर किंवा रोटाव्हेटर उचलून दुसऱ्या गावाला जायचं असेल तर जाणता माणूस बाजूच्या साखळ्या ताणून घेतो. अवजार झुलत राहिलं तर पिना झिजतात, लिफ्टवर ताण येतो, हे त्याला ठाऊक असतं. बोटीच्या इंजिनालाही हाच हिशेब लागू होतो. फरक एवढाच की रोटाव्हेटर बिघडला तर एक दिवस पेरणी थांबते.

नुकसान दिसत का नाही?

फायबरच्या बोटीत फळीच्या कोपऱ्यात केसासारख्या बारीक रेषा पडतात. बऱ्याच फायबर बोटींच्या फळीत आत प्लायवूड असतं. रेषेतून किंवा ढिल्या झालेल्या बोल्टाच्या भोकातून पाणी आत शिरलं की ते लाकूड आतून कुजतं. वरून रंग छान दिसतो. हवेच्या रबरी बोटीत फळी ट्यूबला चिकटवलेली असते. तिथं जोड उकलायला लागतो. इंजिनाचे पकडीचे स्क्रू हादऱ्यानं ढिले होतात. पंख्याचं पातं वाकलं तर इंजिन थरथरतं आणि जोर कमी पडतो.

यातलं काहीच शांत पाण्यातल्या प्रात्यक्षिकात ठळक दिसत नाही. दोन-तीन माणसं घेऊन बोट हळू फिरवली की सगळं ठीक वाटतं. खरी परीक्षा होते ती भरल्या बोटीत, प्रवाहाच्या उलट, पूर्ण जोर दिल्यावर. म्हणजे नेमकी अशा वेळी, जेव्हा चूक परवडत नाही.

मग न्यायचं कसं? तीन मार्ग

पहिला मार्ग : इंजिन सरळ खाली, कामाच्या स्थितीत. जमिनीपासून पुरेशी उंची असेल तर हाच सगळ्यात चांगला. वजन फळीजवळ राहतं आणि इंजिन आपल्या मूळ बैठकीवर बसतं. पण उंची सपाट अंगणात मोजून उपयोग नाही. गतिरोधक ओलांडताना, रस्त्यावरून घाटाच्या उतारावर उतरताना ट्रॉलीचं मागचं टोक खाली बसतं. त्या जागी पंख्याखाली किती अंतर उरतं ते आधी एकदा हळू नेऊन बघावं. शंका असेल तर हा मार्ग सोडावा.

दुसरा मार्ग : इंजिन थोडं तिरकं, पण खालून भक्कम आधार. यासाठी एक दांडी मिळते. तिचं एक टोक ट्रॉलीच्या मागच्या लोखंडी चौकटीवर बसतं आणि दुसऱ्या टोकाला रबर लावलेलं बेचकं असतं. इंजिनाचा पाय त्या बेचक्यात टेकवायचा, इंजिन किंचित खाली दाबून दांडी घट्ट बसवायची आणि पट्ट्यानं बांधायची. आता हिसका बसला की त्याचा बराच भार दांडीतून ट्रॉलीच्या चौकटीवर जातो, फळीवर एकटीवर येत नाही. बेचकं पायाच्या जाड भागाला धरणारं हवं. पंख्यावर किंवा खालच्या पातळ पात्यावर टेकवलं तर तेच मोडेल. इंजिन गरजेपुरतंच उचलावं, पार वर करून ठेवू नये.

तिसरा मार्ग : इंजिन काढून वेगळं नेणं. लहान इंजिन आणि रबरी बोट असेल तर हाच मार्ग बरा. आणि ज्या गावात बोटीसाठी खास ट्रॉली नाही, बोट उसाच्या नाहीतर खताच्या ट्रॉलीत टाकून नेतात, तिथं तर दुसरा पर्यायच नाही. साध्या ट्रॉलीत बोटीचं मागचं टोक बाहेर लोंबकळतं आणि त्याच्याही मागं इंजिन. खालून आधार द्यायला चौकटच नसते. तिथं दोरीनं बांधून वेळ मारून नेणं म्हणजे फळी मोडायची तयारी.

दांडी लावली, पण बोटच उसळली तर?

इथं एक चूक सहज होते. दांडी ट्रॉलीला टेकलेली आणि इंजिन बोटीला जोडलेलं. बोट ट्रॉलीशी घट्ट बांधलेली नसेल तर खड्ड्यात ट्रॉली एकीकडं आणि बोट दुसरीकडं हलते. मग तीच दांडी निसटते किंवा इंजिनाला खालून ठोसे देते. म्हणून आधी बोट बांधायची, मग दांडीचा विचार.

पुढच्या बाजूला ओढायचा पट्टा आणि त्याच्या जोडीला साखळी हवी. मागच्या दोन्ही कोपऱ्यांना ताणून बसणारे वेगवेगळे पट्टे हवेत. ट्रकवाले वापरतात ते खटक्याचे पट्टे चालतात. नायलॉनची दोरी ओली झाली, ताणली गेली की सैल पडते, तिच्यावर भरवसा नको. इंजिन डावीकडं-उजवीकडं फिरू नये म्हणून त्याचा दांडाही बांधून घ्यावा.

ट्रॉलीच्या तोलाचंही पाहावं. इंजिन मागं असल्यानं वजन मागं सरकतं. दोन चाकी ट्रॉलीत मागचा भार जास्त झाला की हुकावरचं वजन कमी होतं आणि ट्रॉली शेपटीसारखी हलायला लागते. एकूण वजनाच्या विसाव्या ते दहाव्या हिश्श्याइतका भार हुकावर असावा असा साधा अंदाज धरतात. हुक एका हातानं सहज उचलला जात असेल तर बोट पुढं सरकवून बसवायला हवी.

इंजिन काढून नेताना आडवं कसं ठेवायचं?

काढलेलं इंजिन शक्यतो लाकडी किंवा लोखंडी घोडीवर उभंच न्यावं. आडवं ठेवावंच लागलं तर आधी ते काही वेळ सरळ उभं धरून आतलं पाणी पूर्ण निथळू द्यावं. मग डोकं पायापेक्षा वर राहील असं ठेवावं. डोकं खाली आणि पाय वर झाला तर पायातलं उरलेलं पाणी इंजिनात शिरू शकतं.

फोर-स्ट्रोक इंजिनात खालच्या बाजूला वेगळं ऑइल भरलेलं असतं. ते कोणत्याही कुशीवर टाकून चालत नाही. चुकीच्या कुशीवर ठेवलं तर ऑइल सिलिंडरमध्ये जातं आणि पुढं इंजिन सुरूच होत नाही, झालं तर धूर ओकतं. कोणत्या कुशीवर ठेवायचं हे पुस्तिकेत दिलेलं असतं, बऱ्याच मशीनवर तशी खूणही असते. ती बाजू ठळक रंगानं रंगवून ठेवली तर घाईत चूक होत नाही. खाली जुनं टायर किंवा जाड गादी टाकावी.

पेट्रोलची नळी काढून घ्यावी, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद करावा आणि टाकी माणसं बसलेल्या बंद जीपमध्ये ठेवू नये. इंजिन बंद करायची जी लाल दोरी चालकाच्या मनगटाला अडकवतात ती वाटेत हरवते. ती टाकीला नाही, चालकाच्या ताब्यात हवी.

पोचल्यावर पाच मिनिटं

नदीकाठी पोचल्यावर बोट तशीच पाण्यात लोटू नये. पट्टे आणि दांडी काढली का, पकडीचे स्क्रू पुन्हा आवळले का, फळी हातानं हलवून पाहिली का, पंख्याला मार लागलाय का, एवढं बघायला पाच मिनिटं पुरतात. इंजिन मात्र कोरडं सुरू करून बघू नये. पाणी ओढणाऱ्या पंपात रबरी चक्री असते, तिला पाण्याचाच थंडावा असतो. कोरडी फिरली तर ती थोड्याच वेळात जळते. तपासायचं असेल तर पाय पाण्याच्या मोठ्या पिंपात बुडवून सुरू करावं. मागून पाण्याची बारीक धार येते का ते बघावं. धार नाही तर लगेच बंद.

रात्रीचा प्रवास असेल तर मागं लटकणारं इंजिन ट्रॉलीचे दिवे झाकतं. बाहेर आलेल्या टोकाला दिवसा लाल फडकं आणि रात्री लाल दिवा हवाच. उसाच्या ट्रॉल्यांना मागून धडकून किती घरं उद्ध्वस्त झाली हे या भागाला सांगायची गरज नाही.

खरी अडचण : मधल्या रस्त्याचा मालक कोण?

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, पुराच्या धांदलीत एवढं कोण बघत बसतं? बरोबर आहे. म्हणूनच ते पुराच्या आधी ठरायला पाहिजे. दांडी, पट्टे, लाल दिवा हे साहित्य ट्रॉलीलाच कायम बांधलेलं असेल तर काम दहा-पंधरा मिनिटांचं आहे. ते गोदामाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात असेल तर त्या दिवशी सापडत नाही, मग दोरी येते.

अडचण साहित्याची कमी आणि व्यवस्थेची जास्त आहे. बोट खरेदी होते तेव्हा बोट, इंजिन आणि जॅकेटचा विचार होतो. ट्रॉली आणि आधाराची दांडी हा खर्च किरकोळ म्हणून मागं पडतो. बोटीचा चालक घाटावर हजर होतो. ट्रॅक्टर कोणाचा तरी भाड्याचा नाहीतर मदत म्हणून आलेला. ट्रॅक्टरवाल्याला इंजिनाचं माहीत नसतं आणि बोटवाला रस्त्यात सोबत नसतो. ग्रामपंचायत अधिकारी कागदावर बोट सांभाळतात. गोदाम ते नदी या मधल्या रस्त्याची जबाबदारी कोणाच्याच नावावर नसते. मग फळीला तडा गेला तर तो कधी गेला आणि कोणामुळं, हे शेवटपर्यंत कळत नाही. दुरुस्तीची फाइल फिरत राहते आणि पावसाळा निघून जातो.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ प्रमाणे जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. म्हणजे महसूल आणि पंचायत या दोन्ही बाजू एकाच टेबलावर आहेत. त्या टेबलावरून दोन साध्या गोष्टी ठरू शकतात.

पहिली, प्रात्यक्षिक घाटावर सुरू न करता गोदामातून सुरू करायचं. बोट ट्रॉलीवर चढवायची, पुरात ज्या रस्त्यानं न्यावी लागेल त्याच रस्त्यानं न्यायची, उतरवायची, तपासायची आणि मग क्षमतेएवढा भार घेऊन प्रवाहात चालवायची. नुसतं घाटावरचं प्रात्यक्षिक म्हणजे बैल न जुंपता गाडीची परीक्षा घेण्यासारखं आहे.

दुसरी, प्रत्येक बोटीला एक वही आणि वाहतुकीसाठी एक नाव. बोट कधी हलवली, कोणत्या पद्धतीनं, आधार लावला होता का, पोचल्यावर काय दिसलं, चार ओळी आणि सही. ट्रॅक्टरच्या सर्व्हिसिंगची नोंद ठेवणाऱ्या गावाला हे जड नाही.

ग्रामसभेत विचारायचे प्रश्न

१ मे ची ग्रामसभा पावसाळ्याच्या अगदी तोंडावर येते. नदीकाठच्या गावांनी तिथं हे प्रश्न विचारायला हरकत नाही :

आपल्या बोटीला खास ट्रॉली आहे का? नसेल तर इंजिन काढून नेण्यासाठी घोडी आणि चार माणसं ठरली आहेत का?

इंजिनाला खालून आधार देणारी दांडी आणि मागचे दोन पट्टे ट्रॉलीला बांधलेले आहेत का? दांडी गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतली असेल तर इंजिनाच्या मेकॅनिकनं ती बसवून पाहिली आहे का?

मागच्या फळीची आणि पकडीच्या स्क्रूंची शेवटची तपासणी कधी झाली?

गोदामातून नदीपर्यंत बोट नेण्याची जबाबदारी कोणाच्या नावावर आहे? तो माणूस गावाबाहेर असेल तर दुसरा कोण?

उत्तरं मिळाली तर ती ठरावात लिहून घ्यावीत. नाही मिळाली तर पाऊस यायला अजून वेळ आहे तोवर मिळवावीत. पाणी ४० फुटांवर गेल्यावर दांडी शोधायला कोणाला सवड नसते.